क्रूझवर नोकरी हवीय? एजंटच्या खात्यात पैसे टाकण्याआधी हे ऐका

(हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं तर वाचा, घरी पोचल्यावर ऐका.)

००:०० – सुरुवात

हेडफोन लावलेत ना? मग चला.

मध्यंतरी कणकवलीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणतो, ‘दादा, हॉटेल मॅनेजमेंट झालंय. दोन वर्षं गोव्यात हॉटेलात काम केलंय. एक एजंट म्हणतोय, दीड लाख दे, दोन महिन्यांत बोटीवर पाठवतो. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. काय करू?’

मी त्याला लगेच दोनच शब्द पाठवले: देऊ नको. पण नुसतं ‘देऊ नको’ सांगून भागत नाही. कारण त्याचा पुढचा प्रश्न आलाच, ‘मग नोकरी मिळणार कशी?’ आणि तो प्रश्न बरोबर आहे. म्हणून हा पूर्ण भाग त्या प्रश्नावर.

मी स्वतः हॉटेल मॅनेजमेंट करून दोन वर्षं बोटीच्या मागे होतो. तीन मुलाखती, एक सिलेक्शन, शून्य जॉइनिंग. त्यामुळे आज जे सांगतोय त्यातलं बरंचसं कागदपत्रं हातात घेऊन, रांगेत उभं राहून शिकलेलं आहे.

०१:४० – रीलमध्ये दिसतं ते जहाज

आधी क्रूझ हा धंदा काय आहे ते बघू. तो कळला की नोकरीचा घोळही कळतो.

क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, हे आपण सगळे म्हणतो. पण आकार डोळ्यासमोर येत नाही. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात बांधलेलं, २० मजली. पूर्ण भरलं तर साधारण ७,६०० प्रवासी आणि त्यांच्यासाठी सुमारे २,३५० कर्मचारी. म्हणजे एखादं मोठं गाव उचलून समुद्रावर ठेवलंय आणि त्या गावातल्या दर चार माणसांमागे एक जण सेवेला आहे.

तिकिटात खोली आणि जेवण येतं. कंपनीची बाकीची कमाई जहाजावर चढल्यानंतर होते: दारू, कॅसिनो, स्पा, वायफाय, बंदरावरच्या सहली. प्रवासी खूश असेल तर खर्च करतो, आणि त्याला खूश ठेवण्यासाठी माणसं लागतात. भरपूर लागतात. पण ती स्वस्त पडली तरच हा हिशोब जुळतो.

म्हणून दुसरी गोष्ट येते, जहाजाचा झेंडा. अमेरिकेतल्या मायामीहून सुटणारं जहाज अमेरिकेचं असेलच असं नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामास, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदवलेली असतात. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कामगार कायदा. त्यामुळे कंपनीला भारत, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतून माणसं घेता येतात, आणि अमेरिकेतलं किमान वेतन त्यांना लागू होत नाही.

आपल्यासाठी यात एक बरी बाजू आहे आणि एक वाईट. बरी ही, की नोकऱ्या खरोखर आपल्याकडे येतात. वाईट ही, की कंपनी तिकडे, जहाज तिसरीकडे, झेंडा चौथीकडे आणि उमेदवार कणकवलीत. मधल्या या मोकळ्या जागेत एजंट उभा राहतो.

०४:३० – हा मधला माणूस आजचा नाही

कोकण आणि गोव्याला बोटीची नोकरी नवीन नाही. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत आजोबा ‘बोटीवर होते’. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबी तलावच्या आसपास गोव्यातल्या गावांचे ‘कूड’ आहेत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली राहायची जागा. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथं पेटी ठेवून राहायचे, वाट बघायचे.

आणि तेव्हाही मधला माणूस होताच. ब्रिटिश काळात बंदरावर खलाशांची भरती घाट सारंगांच्या हातात असायची. काम हवं तर त्याला हिस्सा द्या, कर्ज काढून द्या. ही लूट जगभरच्या बंदरांवर चालायची. म्हणून १९२० साली इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार मंजूर केला. त्यात स्पष्ट लिहिलं, की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून कुणीही फी घेऊ नये. शंभर वर्षांहून जुनं तत्त्व आहे हे. आणि आपल्याला आजही ‘दीड लाख दे’ म्हणणारा फोन येतो.

०६:१० – दार नक्की कुठं आहे?

पूर्वी माणूस थेट गोदीवर जाऊन विचारायचा. आज बॅलार्ड पिअरला जाऊन जहाजाची शिडी चढतो म्हणालात, तर गेटवरच अडवतील. २००४ पासून जगभर बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक आहेत. म्हणजे भरतीचं दार जहाजावर नाही. ते तीन ठिकाणी आहे.

पहिलं दार: क्रूझ कंपनीची स्वतःची करिअर वेबसाइट. बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथंच सांगतात, की भारतातून अर्ज करायचा तर आमच्या अमुक अधिकृत एजन्सीकडे जा. ही ओळ शोधा. एजंट ‘आम्ही त्या कंपनीचे पार्टनर’ म्हणतो तेव्हा ते त्याच्या ऑफिसातल्या फ्लेक्सवर तपासायचं नाही, कंपनीच्या वेबसाइटवर तपासायचं.

दुसरं दार: भारतातली परवानाधारक एजन्सी. या परवान्याला आरपीएसएल म्हणतात. केंद्र सरकारचं डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंग, ज्याला सगळे डीजी शिपिंग म्हणतात, ते हा परवाना देतं. त्यासाठी एजन्सीला बँक गॅरंटी ठेवावी लागते, तपासणी होते. याचं मुख्यालय मुंबईतच आहे, त्यामुळे बऱ्याच एजन्सीही मुंबई आणि नवी मुंबईत आहेत.

तिसरं दार लोकांना फारसं माहीत नसतं. जहाजावरचा स्पा, दुकानं, फोटो स्टुडिओ, चित्रांचे लिलाव, यातलं बरंच काम क्रूझ कंपनी दुसऱ्या कंपन्यांना चालवायला देते. तुम्ही ब्युटीशियन आहात, फिटनेस ट्रेनर आहात, फोटोग्राफर आहात, तर तुमचा मालक ती दुसरी कंपनी असते आणि अर्ज तिच्याकडे करायचा असतो. वेटरच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही.

रांगेवरून आठवलं. जहाजावर ढोबळमानाने तीन खाती: डेक, इंजिन आणि हॉटेल. डेक आणि इंजिनला नौकानयनाचं वेगळं शिक्षण लागतं. आपल्यापैकी बहुतेकांचा विषय हॉटेल, आणि माणसंही तिथंच सगळ्यात जास्त असतात. किचनमध्ये भांडी आणि सफाई बघणारा युटिलिटी, कमी म्हणजे शिकाऊ कुक, असिस्टंट वेटर, बार, खोल्या लावणारे स्टेटरूम अटेंडंट. यातल्या बहुतेक पदांना चांगल्या हॉटेलातला किमान एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. ‘अनुभव नको, डायरेक्ट वेटर’ असं कुणी म्हणालं, की आपण सावध.

०९:०० – सिलेक्शन झालं, पुढे?

आता सगळ्यात मनस्ताप देणारा भाग. साधारण क्रम असा असतो: अर्ज, एजन्सीची प्राथमिक मुलाखत, इंग्रजीची परीक्षा (मार्लिन्स नावाची टेस्ट बऱ्याच ठिकाणी घेतात), मग कंपनीच्या माणसाची मुलाखत, बहुतेक वेळा व्हिडिओवर. पास झालात तर सिलेक्शन. त्यानंतर मेडिकल, सुरक्षेचे कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, आणि जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागणार असेल तर सी-वन-डी व्हिसा. सगळ्यात शेवटी जहाजाचं नाव, तारीख आणि विमानाचं तिकीट.

माझं सिलेक्शन झालं तेव्हा घरी पेढे वाटले गेले. शेजारच्या काकूंनी तर ‘येताना परफ्यूम आण’ म्हणून सांगून ठेवलं. त्यानंतर अकरा महिने ‘जॉइनिंगची वाट बघा’ एवढंच उत्तर. एजन्सीतली मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं. गावात दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, ‘अजून इथंच?’ शेवटी मी नाद सोडला आणि माईक घेतला.

असं का होतं? जहाजावर कर्मचाऱ्यांचे पलंग मोजलेले असतात. एक माणूस उतरला तरच दुसरा चढतो. हॉटेल खात्यातले करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे असतात, मग दीड-दोन महिने सुट्टी. पण सुट्टीवर गेलेला जुना माणूस बहुतेक वेळा परत येतो आणि कंपनीलाही तोच हवा असतो. म्हणजे नव्या माणसाला जागा दोनच कारणांनी मिळते: जुना सोडून गेला किंवा नवीन जहाज आलं. कंपनी मात्र हाताशी असावेत म्हणून गरजेपेक्षा जास्त उमेदवार निवडून ठेवते. तुम्ही त्या यादीत असता. सिलेक्शन म्हणजे यादीत नाव. जॉइनिंग म्हणजे नोकरी. ह्या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा.

यातून एक व्यावहारिक सल्ला: सिलेक्शन झालं म्हणून हातातली नोकरी सोडू नका. तारीख आणि तिकीट आल्यावरच राजीनामा. वाट बघण्याच्या काळात हॉटेलातला अनुभव वाढत राहिला, तर पुढच्या मुलाखतीतही तो कामाला येतो.

आणि हेही लक्षात घ्या, लुबाडणारा एजंट नेमका याच काळात गाठतो. माणूस वाट बघून थकलेला असतो, गावात तोंड दाखवायची लाज वाटत असते. अशा वेळी ‘थोडे पैसे टाक, फाइल पुढे सरकवतो’ हे वाक्य फार गोड लागतं.

१२:२० – पैसे कुणी कुणाला द्यायचे?

आता कायदा. घाबरू नका, सोपा आहे.

मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. क्रूझवरचा वेटर, कुक, सफाई कामगार हे सगळे या करारात खलाशीच धरले जातात. करार म्हणतो, की नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून थेट किंवा आडमार्गाने कुठलीही फी घ्यायची नाही. रजिस्ट्रेशन फी नाही, प्रोसेसिंग फी नाही, ‘सर्व्हिस चार्ज’ नाही.

खलाशाने स्वतः करायचे खर्च मोजके आहेत: कायद्याने लागणारं मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी, पासपोर्ट किंवा तशीच प्रवासाची वैयक्तिक कागदपत्रं. आणि व्हिसा? व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. करारात हे वेगळं लिहिलेलं आहे. काही ठिकाणी तुम्हाला आधी भरायला सांगतात आणि नंतर परत देतात. तसं असेल तर परत कधी आणि कसे मिळणार, हे लेखी मागा.

कोर्सचं काय? आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार असे सुरक्षेचे मूलभूत कोर्स एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांखाली येतात. ते डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या संस्थेतच करायचे. त्यांची फी संस्थेला भरायची आणि पावती घ्यायची. ती एजंटच्या यूपीआयवर जात नाही. ‘क्रूझ डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट’ हा वेगळा प्रकार. काही खाजगी डिप्लोमांत शिकवतातही चांगलं. पण डिप्लोमा म्हणजे एसटीसीडब्ल्यू नव्हे, आणि प्लेसमेंटची हमी तर कुठलीच संस्था देऊ शकत नाही. पलंग रिकामा आहे की नाही, ते जहाज ठरवतं.

माझ्याकडेही एकदा एका ऑफिसात ऐंशी हजार मागितले होते. काचेची केबिन, भिंतीवर जहाजांचे फोटो. मी विचारलं, ‘साहेब, पावती कशाची मिळेल?’ साहेब म्हणाले, ‘पावती कसली भाऊ, विश्वासावर चालतं सगळं.’ मी पासपोर्टची झेरॉक्स परत मागितली आणि खाली येऊन वडापाव खाल्ला. हा प्रश्न तुम्हीही विचारा. ज्या पैशाची खरी पावती देता येत नाही, तो पैसा कायदेशीर नाही.

१५:३० – पाच मिनिटांची तपासणी

फोन हातातच आहे, तर हे करून बघा.

एक, एजन्सीचा आरपीएसएल नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा. परवाना चालू आहे का, मुदत संपलीय का, निलंबित आहे का, हे बघा. पत्ता आणि फोन जुळतो का तेही बघा, कारण खऱ्या एजन्सीचं नाव वापरून खोटी ऑफिसं चालवणारेही असतात.

दोन, ऑफर लेटर आलं तर ईमेलचा पत्ता बघा. मोठी क्रूझ कंपनी फुकटच्या मेल खात्यावरून पत्र पाठवत नाही.

तीन, मुलाखत न होता नोकरी मिळाली, तर ती नोकरी नाही.

चार, ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. यात पैसे तर जातातच, माणूसही परदेशात अडकतो.

पाच, मूळ पासपोर्ट ‘ठेवून जा’ म्हणाले तर ठेवू नका. व्हिसासाठी द्यावा लागला तर लेखी पोच घ्या.

आणि पैसे आधीच गेले असतील तर? लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन पाठवले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर पोलिसांत लेखी तक्रार आणि डीजी शिपिंगकडेही. चॅटचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचे नंबर, ऑफर लेटर, काहीही डिलीट करू नका.

१८:०० – मिळालीच नोकरी, तर कशी असते?

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मी क्रूझच्या विरोधात आहे. तसं नाही. माझे दोन मित्र बोटीवर आहेत. एकाने घर बांधलं, दुसऱ्याने बहिणीचं शिक्षण केलं. राहणं-जेवण जहाजावर असल्यामुळे पगारातला मोठा हिस्सा वाचतो. करार नीट संपवल्यावर घरी परत पाठवायचा खर्चही जहाजमालकाचा असतो.

पण काम काय आहे ते आधीच कळू द्या. करार संपेपर्यंत आठवड्याची पूर्ण सुट्टी अशी बहुतेक नसतेच. आंतरराष्ट्रीय नियमांत दोन पर्याय आहेत: एक तर आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम, नाही तर कमीत कमी ७७ तास विश्रांती. दुसरा पर्याय लावला तर गणित करा. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ वजा केले की उरले ९१. म्हणजे कागदावर ९१ तासांपर्यंत काम बसतं. सही करण्याआधी करारात कामाचे तास किती लिहिलेत ते वाचा.

सगळ्यात धावपळीचा दिवस म्हणजे बंदरात प्रवासी बदलण्याचा दिवस. सकाळी हजारो लोक बॅगा घेऊन उतरतात आणि दुपारी तेवढेच नवे चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक चादर, प्रत्येक संडास, प्रत्येक ग्लास नव्यासारखा हवा. प्रवाशाची सुट्टी सात दिवसांनी संपते. स्टेटरूम अटेंडंटसाठी त्याच दिवशी पुढची सात दिवसांची सुट्टी सुरू होते, दुसऱ्यांची.

राहायला खालच्या मजल्यांवर छोटी केबिन, बहुतेक वेळा दोघांत एक, खिडकी नाही. वेटर आणि अटेंडंटच्या कमाईत टिपचा वाटा मोठा असतो. अमेरिकी कंपन्या प्रवाशाच्या खात्यावर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप म्हणून लावतात आणि ती कर्मचाऱ्यांत वाटली जाते. म्हणून मुलाखतीत फक्त ‘पगार किती’ विचारू नका. मूळ पगार किती, हमीची रक्कम किती, टिपचं काय, कापलं काय जातं, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा.

आपल्याकडेही हा धंदा वाढतोय. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ फिरतेय आणि २०२५ मध्ये मुंबईत नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उघडलं. पण टर्मिनल उघडलं म्हणजे लगेच हजारो नोकऱ्या, असं नसतं. अशा बातमीचं कात्रण दाखवून पैसे मागणारे मात्र लगेच उगवतात.

२१:१० – जाता जाता

घरात कुणी बोटीच्या मागे असेल तर त्याला रोज ‘काय झालं?’ विचारू नका. त्याऐवजी त्याच्याबरोबर बसून आरपीएसएलची यादी उघडा. आईबाबांनाही हा भाग ऐकवा, कारण दागिने गहाण ठेवायचा निर्णय बहुतेक वेळा तेच घेतात, तेही प्रेमापोटी.

आणि एवढं एक पाठ करून टाका: जहाजाला माणूस हवा असतो, म्हणून माणूस शोधण्याचा खर्च जहाजाचा. ज्याला तुमची मेहनत हवी आहे तो तुम्हाला पगार देईल. जो तुमच्याकडेच पैसे मागतोय, त्याला तुमची मेहनत नकोच आहे.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. आलेल्या प्रश्नांवर पुढचा भाग करू: सीडीसीचा अर्ज पायरी-पायरीने. तोपर्यंत काळजी घ्या आणि हा भाग त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो सध्या ‘जॉइनिंगची वाट बघतोय’.